अम्मांचा 'क' आणि गिझरची वायर

दिवाळी अंकाच्या बाईंचा फोन आला, "आजी, तुमच्या कामातला एखादा अभिमानाचा प्रसंग लिहा." मी म्हटलं, बाई, बाथरूमला टाइल्स बसवणाऱ्या बाईचा अभिमान तो काय! पाणी कोपऱ्यात साचत नाही, गुमान जाळीकडं जाते. झाला लेख. एका ओळीत संपला. लाजेचं लिहू देत असाल तर पानं पुरायची नाहीत. बाई हसल्या. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करून राह्यली. तर आता वाचा.

आदिलाबादेत मला लोक बाईमिस्त्री म्हणतात. माहेर जैनथकडचं, कापसातलं. लग्न होऊन आले तेव्हा हाताला विळ्याची सवय होती, थापीची नाही. आमच्या घरचे टाइल्सचे मिस्त्री. मी त्यांना सिमेंट कालवून द्यायची. पुढं ते पडले, मनगट मोडलं ते वाकडंच सांधलं, अन् थापी माझ्या हाती आली. ते बाहेर खुर्चीवर बसून सूचना करत, मी आत बसून त्या ऐकत नसे. संसार अन् धंदा दोन्ही याच रीतीनं चाललं.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका अडत्यानं पंडिताला विचारून कमोडची दिशा ठरवली. दिशा शुभ निघाली, पण बसल्यावर अडत्याचे गुडघे दाराला टेकायचे, दार लागेना. मग तो आत बसला की बायको बाहेर पडदा धरून उभी. दुसऱ्या एकानं हंसाच्या चित्राच्या टाइल्स आणल्या, बसवून झाल्या, अन् आठ दिवसांनी सांगत आला, "बाई, त्या हंसायची तोंडं भिंतीकडं करा. आंघोळ करताना पाह्यतात."

या कामात दोनच गोष्टी शिकायच्या. एक ढाळ, म्हणजे फरशीचा उतार. तो डोळ्यांना दिसता कामा नये, पाण्याला मात्र कळला पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीच्या पोटात काय आहे ते. बाथरूमची भिंत दिवस गेलेल्या बाईसारखी असते, धक्का देण्याआधी विचारावं. विजेचा बोर्ड कुठं आहे ते पाहायचं. चांगला वायरमन बोर्डापासून वायर सरळ वर नेतो नाहीतर सरळ आडवी नेतो, तिरपी कधी नाही. तो पट्टा सोडून छन्नी चालवायची. अन् त्याच्याही आधी मेन स्विच बंद करायचा. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी जे केलं ते आता सांगते. त्या वेळच्या मला मी 'ती बया' म्हणणार आहे. वयानं बया काही तरणी नव्हती, चाळिशी केव्हाच ओलांडलेली. अक्कल तेवढी तरणी होती.

तेलंगण होऊन दोनेक वर्षं झाली होती. त्या दसऱ्याला आमच्या एवढ्या मोठ्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. रात्रीतून निर्मल वेगळं, मंचिर्याल वेगळं, आसिफाबाद वेगळं. हापिसातल्या खुर्च्या-कपाटं ट्रकात बसून निघाली, मागून माणसंही वाटली गेली. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या. अशातच एक मॅडम आमच्या गल्लीपलीकडं राहायला आल्या. त्यांची नेमणूक आदिलाबादला, नवऱ्याची मंचिर्यालला. सोबतीला त्यांची आई, अम्मा. अम्मा जन्मभर शाळेत शिकवलेल्या. पाठ ताठ, पण गुडघे पार गेलेले. घरात जुन्या पद्धतीचा संडास, खाली बसायचा. अम्मांना ते जमेना, म्हणून त्या काठी टेकत शेजारच्या घरी जात, त्यांच्याकडं कमोड होता म्हणून. रोज कितीदा जाणार! शेजारीण तोंडानं काही म्हणायची नाही, पण अम्मा जाताना पदर डोक्यावरून इतका पुढं ओढत की वाटावं चोरी करायला चालल्या.

मॅडमनं मला बोलावलं. कमोड बसवायचा, भिंतीला धरायला कडी लावायची, जुन्या टाइल्स काढून नव्या घालायच्या. मॅडम म्हणाल्या, "देखो, मैं दिन भर ऑफिस में रहती. अम्मा को हिंदी नहीं आती, मराठी तो बिलकुल नहीं. तुमको तेलुगू आता?"

"आता ना मॅडम! फुल आता!" बया म्हणाली.

फुल म्हणजे काय, तर भाजीबाजारातलं. 'एंता' म्हणजे केवढ्याला, 'वद्दु' म्हणजे नको. शिवाय एक मोठं गुपित बयेला कळलेलं होतं, की शब्दाला शेवटी 'ंडी' लावली की अदबीचं तेलुगू होते. 'तिनंडी' म्हणजे खा हो. 'चेप्पंडी' म्हणजे सांगा हो. 'रंडी' म्हणजे या हो. या शेवटच्यावरून आमच्या भागात किती भांडणं झाली असतील, तो लेख निराळा.

काम सुरू झालं. मॅडम हापिसात गेल्या की अम्मा बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. वर पंखा, हातात काठी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली, "मेस्त्रीगारू." गारू म्हणजे आपलं 'राव', 'साहेब'. अख्ख्या हयातीत मला कोणी मिस्त्रीसाहेब म्हटलं नव्हतं. घरी आमचे 'ए', बाहेर 'ओ बाई'. बया फुगली. फुगलेल्या माणसाला कानानं कमी ऐकू येते, हे मी नंतर शिकले.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या टाइल्स काढून भिंतीला टाचे मारत होते. टाचे म्हणजे छन्नीनं बारीक खड्डे पाडायचे, नवा सिमेंटचा माल धरून राहावा म्हणून. मेन बंद केलेला नव्हता. अम्मांच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला असता, अन् दसऱ्यानंतरचं ऊन आमच्याकडं कसं असते ते विचारू नका. भिंतीवर बोर्डही नव्हता, तो बाहेरच्या बाजूला. बयेनं हिशेब केला, बोर्ड नाही तर वायर कशाला असेल! भिंतीत एका जागी प्लास्टरचा नवा पट्टा दिसत होता, तिरपा. तोही तिला दिसला. पाहून तिनं काय ठरवलं? कोणीतरी पोपडा बुजवला असेल.

तेवढ्यात अम्मांनी काठी उचलली. काठीचं टोक बरोबर त्या पट्ट्यावर टेकवलं अन् म्हणाल्या, "इक्कड कोट्टकंडी, मेस्त्रीगारू."

माझी हातोडी चालूच होती. बयेनं ऐकलं, 'इक्कड कोट्टंडी.' इक्कड म्हणजे इथं, कोट्टंडी म्हणजे मारा. इथं मारा हो, मिस्त्रीसाहेब. बयेला म्हातारीचं कौतुक वाटलं. प्लास्टर पोकळ आहे हे बसल्या जागी ओळखलं! "अवुनंडी, अवुनंडी," म्हणजे हो हो, असं म्हणत बयेनं छन्नी काठीच्या टोकाशी लावली. अम्मा आणखी मोठ्यानं ओरडल्या, काठी भिंतीवर आपटली. बयेला वाटलं, म्हणतात आणखी जोरात मारा. मारली.

धाडकन आवाज झाला. निळा लोळ उठला, अन् मी ओल्या रेतीवर बुडावर आदळले. घरातला पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळं चिडीचूप. छन्नीचं टोक वितळून गेलेलं. मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला होता, हाताला हादरा बसू नये म्हणून. त्यानं जीव राखला. अम्मा खुर्चीवरून उठल्या होत्या. तसल्या गुडघ्यांनी त्या काठीशिवाय माझ्यापर्यंत कशा आल्या, देव जाणे. माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहत होत्या.

संध्याकाळी मॅडम आल्या. अंधार, भिंतीला भोक, आत गिझरची नवी वायर तुटून काळी पडलेली. मॅडमनं डोक्याला हात लावला. "ये कैसे हुआ?"

बया खोटं बोलली नाही. हेच तर वाईट झालं. तिला जे खरं वाटत होतं ते तिनं छातीठोक सांगितलं, "मॅडम, अम्मानेच दिखाया. काठी लगाके बोली, इधर मारो."

मॅडम आईकडं वळल्या. दोघींचं तेलुगू सुरू झालं, फार वेगानं. अम्मा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, मॅडम मान हलवत होत्या. मॅडमचंही चुकलं असं कसं म्हणू? त्या आधीच्याच आठवड्यात अम्मांनी गॅसवर दूध विसरून खोलीचं कवाड लावून घेतलं होतं. दिवसभर घरात एकटी म्हातारी, अन् तिनं मिस्त्रीला जिवंत वायर दाखवून 'मार' म्हणावं? माझा जीव गेला असता तर? मॅडमनं तिथंच निर्मलला भावाला फोन लावला. बयेचं भाजीबाजाराचं तेलुगू नेमकं तेव्हा कामी आलं. 'मति' कळलं, तो शब्द दोन्हीकडं एकच. 'आदिवारम' कळलं, म्हणजे आपला आयतवार. 'कारू' कळलं. अम्मांची मती चालेना, आयतवारी त्यांना न्यायला गाडी घेऊन ये.

अम्मांनाही ते सगळं ऐकू येत होतं. त्या खुर्चीवर परत बसल्या अन् काठी मांडीवर आडवी ठेवली.

सकाळी अन्वरभाई वायरमन आले. गिझरची लाइन त्यांनीच आठवड्यापूर्वी टाकली होती. तुटलेली वायर पाहून म्हणाले, "बाई, टेप मारके प्लास्टर कर दूँ तो आज चलेगा. कल भिंत गीली होगी अन् अम्मा नल को हात लगाएगी. समजी?" ओल्या भिंतीत सांधा पुरायचा नसतो, हे मलाही ठाऊक होतं. त्यांनी अख्खी वायर ओढून काढली. नवी टाकली, या खेपेला सरळ उभी, अन् जोड वर छताजवळ कोरड्या डबीत घेतला. तिरपी लाइन आपलीच चूक, पाइप वाचवायला गेलो, हे तोंडानं म्हणाले. मग सहज बोलून गेले, "वैसे मैं अम्मा को दिखाके गया था. तेलुगू में बोला था, अम्मा, इस पट्टे पे ध्यान रखना, कोई छन्नी ना मारे. तभी से दरवाजे में कुर्सी डाल के बैठते थे वो."

माझ्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. म्हटलं, "मग काऊन मले म्हणे, इथं मार?"

"क्या बोले, बराबर बोलो."

मला आठवेना. बोलताबोलता मी व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकायला गेले. अम्मा शेजारीच बसलेल्या, कालपासून एक शब्द बोललेल्या नव्हत्या. त्या एकदम म्हणाल्या, "कूर्चोकंडी!" बया म्हणाली, हो हो, बसते ना. अन् बसली. खुर्चीचा मागचा पाय मोडका. मी पाय वर करून चित.

अन्वरभाई हसून हसून वायरीत गुंतले. "अरे बाई! अम्मा ने मना किया ना!"

"मना कुठं? बसा म्हणाल्या की!"

"बसा म्हणजे 'कूर्चोंडी'. ये बोले 'कूर्चोकंडी'. बीच में 'क' आया तो मना. मत बैठो."

मी जमिनीवरच होते. म्हटलं, "अन्वरभाई, 'कोट्टकंडी' म्हणजे काय व्हय?"

"मत मारो."

एवढ्याशा 'क'वर सगळं उलटलं होतं. अम्मा गाडीवानासारखं बोलल्या असत्या, नुसतं 'कोट्टकु' म्हणाल्या असत्या, तर ओरडण्याच्या सुरातूनच मला कळलं असतं. पण जन्मभर शाळेतल्या पोरांनाही अहोजाहो केलेली बाई ती. वायर तुटायच्या घाईतही तिनं मला मान सोडला नाही, अन् त्या मानाची 'ंडी' तेवढी माझ्या कानात शिरली.

तुम्हाला वाटेल, मी उठले अन् मॅडमच्या हापिसात धावत गेले. नाही गेले. अन्वरभाईंना म्हटलं, मी सांगते मॅडमला, तुमी नका सांगू. अन् संध्याकाळी मॅडम आल्यावर मी टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरत बसले. काय सांगायचं? तेलुगू 'फुल' येते म्हणून काम घेतलं, अन् 'कर' अन् 'नको करू' यातला फरक येत नाही? मॅडमनं विचारलंही, "हो गया वायर का?" म्हटलं, "हो गया." मनात म्हटलं, उद्या कमोड बसला की सांगू. कमोड बसला. म्हटलं, कडी बसली की सांगू. चांगलं काम पाहून राग कमी येईल, असा बयेचा मिस्त्रीपणा. घरी आमच्यांना सांगितलं तर ते वाकड्या मनगटानं मला हाणायचेच बाकी होते. "तुले कडी लावायची घाई हाय, तिकडं बाईले घरातून काढून राह्यले!"

शनिवारी संध्याकाळी सांगितलं. बाथरूम चकचकीत, ढाळ असा की थेंब थांबत नाही. त्या चकचकीत भिंतीशी उभी राहून मी अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मोडकं तेलुगू असं सगळं ओकले. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्या आत गेल्या, अम्मांच्या पायांशी बसल्या, काहीतरी म्हणाल्या. मग गाडी नको म्हणून भावाला सांगायला मोबाइल उचलला, तर अम्मांनी त्यांचा हात धरला अन् बोलल्या. सावकाश, फळ्याजवळ उभं राहून बोलावं तसं. मला अर्धंच कळलं. उरलेलं मॅडमनं पुढं कधीतरी सांगितलं.

अम्मा म्हणाल्या होत्या, ती परक्या भाषेची बाई, तिचं एक अक्षर चुकलं. तुला तर माझी भाषा पोटातून मिळाली. मी त्या दिवशी दहादा सांगितलं, तू ऐकलं नाहीस. गाडी येऊ दे.

आयतवारी गाडी आली. मी लांब उभी होते. अम्मांनी निघण्याआधी नवं बाथरूम वापरलं. एकट्या गेल्या, कडी धरून उठल्या, बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "बागुंदी, मेस्त्रीगारू." छान झालं. चप्पल काढून मारली असती तर मला बरं वाटलं असतं. शेजारीण निरोप द्यायला आली, तर या खेपेला अम्मांनी पदर पुढं ओढला नाही.

दोनच दिवस आधी सांगितलं असतं, नुसतं त्या संध्याकाळी सिमेंटची थापी खाली ठेवून तोंड उघडलं असतं, तर कदाचित मॅडमला आईसमोर माझ्यावर रागावून घेता आलं असतं अन् अम्मांचा रुसवा तिथंच विरला असता. घाव ओला असताना सांधता येतो. मी तो वाळू दिला.

पुढं मी तेलुगू शिकले. नातीच्या शाळेच्या पुस्तकातून, तिच्या शेजारी बसून. ती मला अजून चिडवते, "आजी, 'क' कुठं येतो?" अन् मीही हसते. हसण्यासारखंच आहे ते.

पण वर्षभरानं मॅडमचा फोन आला. भावाच्या घरी अम्मांच्या बाथरूमला कडी लावायची, येता का? मी म्हटलं, निर्मलात मिस्त्री नाहीत काय? त्या म्हणाल्या, "भैया बोलते, जिसने यहाँ बनाया उसी को भेजो." घाट उतरून गेले. जाताना नव्या जिल्ह्याच्या नव्या पाट्या, अजून रंग ताजा. भावाचं घर मोठं, माणसं चांगली, चहा-नाश्ता आधी. अम्मा मागल्या खोलीत होत्या. खुर्ची खिडकीकडं तोंड करून ठेवलेली, काठी कोपऱ्यात भिंतीला टेकलेली. मला ओळखलं. हसल्या.

कडी बसवायची तर जिच्यासाठी बसवायची तिनं एकदा उठून हात लावून दाखवावा लागतो. कोणाचा खांदा दुखतो, कोणाला डावा हात सोयीचा. मापानं ते कळत नाही. अम्मांना हाताला धरून मी बाथरूमच्या दारापर्यंत आणलं. खडूनं भिंतीवर खूण केली अन् नीट जुळवून आणलेलं वाक्य म्हटलं, "अम्मा, इक्कड कोट्टाला?" इथं मारू का?

अम्मांनी भिंतीकडं पाहिलंही नाही. म्हणाल्या, "मी इष्टम, मेस्त्रीगारू."

त्यांच्यात 'मी' म्हणजे 'तुमची'. तुमची मर्जी.

मी खूण पुसली, खाली केली. "इक्कडा?" पुन्हा तेच. मऊ, अदबीनं. घरच्या सुनेनं मला खुणावून सांगितलं, मिस्त्री, तुम्हीच बघून लावा, त्या आता कशात बोलत नाहीत. चहा कोणता, भाजी कोणती, काहीच नाही. बघा, स्वभाव किती शांत झालाय.

मग मी मेन बंद केला. माझाच हात भिंतीला लावून पाहिला. अम्मा माझ्याहून ठेंगण्या, म्हणून चार बोटं खाली घेतलं अन् भोक पाडलं. कडी पक्की बसली, लोंबकळून पाहिली. अम्मांचा हात तिथं पुरतो की नाही, ते मी त्यांना विचारलं नाही. त्या परत खुर्चीत जाऊन खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. शेवटच्या बसला अजून पुष्कळ वेळ होता, तरी मी पिशवी उचलली.